करडईचं तेल आणि बोटीचं इंजिन

आमच्या घरमालकांच्या घरातलं एकही दार हाताने उघडत नसे. खांदा लावावा लागे. माझ्या खोलीचं दार तर असं चिकटून बसे की शाळेला उशीर झाला की मी सरळ खिडकीतून बाहेर पडायचो, आणि हायस्कुलातला नवा मास्तर खिडकीतून उड्या मारतो म्हणून बाळीवेस पेठेतल्या बाया पदराआड हसायच्या. दोष दारांचा नव्हता. दर अमावास्येला मालक हातात चोचवाली किटली घेऊन घरभर हिंडत आणि प्रत्येक बिजागरीला, कडीला, कुलपाला करडईचं तेल पाजत. तेही साधंसुधं नाही, स्वतः घाण्यासमोर उभं राहून काढून आणलेलं. "विलायती तेल फसवं असतं, मास्तर. नुसतं चकाकतं," असं ते मला सांगत, आणि माझ्या कडीत आणखी चार थेंब सोडत.

करडईचं तेल उघड्यावर राहिलं की दाट होतं आणि शेवटी डिंकासारखं चिकटून बसतं, हे सोलापुरात जिने एकदा तरी तेलाचं भांडं घासलंय तिला माहीत आहे. मालकांनी जन्मात भांडं घासलं नव्हतं. त्या तेलाने त्यांच्या बायकोचं शिलाईचं मशीन बसलं, देवळीचं कुलूप बसलं, छत्री बसली. एकदा भर पावसात ती उघडेना, तेव्हा मिटलेली छत्री डोक्यावर आडवी धरून हे गृहस्थ स्टेशनापासून घरापर्यंत चालत आले, आणि ओल्या अंगाने शिंकत तिला पुन्हा तेल दिलं.

तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मालक सरकारी तलावावरचे ओव्हरसियर म्हणून पेन्शनीत निघालेले. सगळी पेठ त्यांना 'साहेब' म्हणे, कारण दुसरं काही म्हटलं तर ते ओ देत नसत. नोकरी सुटली होती, पण नोकरीतलं एक व्यसन सुटलं नव्हतं. ते रिपोर्ट लिहीत. मांजराने दूध सांडलं, रिपोर्ट. नळाला पाणी उशिरा आलं, रिपोर्ट. "आमटीत मीठ कमी. कारण, दुर्लक्ष. उपाय, उतरवण्यापूर्वी चव घेणे." असा कागद मी स्वतः वाचलेला आहे. तो त्यांनी बायकोच्या नावे लिहिला होता, आणि त्यांच्या बायकोला, आम्ही सगळे तिला अव्वा म्हणायचो, अक्षरओळख नव्हती. ती त्या कागदाने चूल पेटवी. त्याने काही बिघडत नसे, कारण खाली निळा कार्बन घालून काढलेली नक्कल माळ्यावरच्या ट्रंकेत गेलेली असे. "कागदावर आलं की खरं," हे त्यांचं वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येई. कागदावर येण्याआधी काय खरं होतं, हा प्रश्न त्यांना पडत नसे.

मी त्यांना मनातून अगदी तुच्छ लेखत होतो, हे आता सांगायला हरकत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत कानावर पेन्सिल खोचून मी त्यांची नक्कल करायचो आणि बाकीचे मास्तर पोट धरून हसायचे. घरी मात्र मी "हो साहेब, खरं आहे साहेब" असं चालवून घेत होतो. त्याला कारण होतं. वैशाखात माझं लग्न ठरलं होतं, आणि परसातल्या दोन खोल्या, स्वतंत्र चूल आणि मोरी असलेल्या, मला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. गिरण्यांच्या त्या गावात नव्या जोडप्याला अशा खोल्या मिळणं म्हणजे देव पावणं होतं. त्या दोन खोल्यांसाठी मी त्यांची छत्रीसुद्धा वाखाणली असती.

दिवाळी झाली आणि मसू भोई पायरीवर येऊन बसायला लागला. वाळकुडा म्हातारा, डोक्याला मळकं मुंडासं. एके काळी तो तलावावर खात्याची बोट वल्हवत असे. सकाळी गिरणीचा दुसरा भोंगा झाला की तो येई, आणि मालक पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून बाहेर आले की उठून उभा राही.

"साहेब, त्यो कागद तेवढा फिरवा की. पोराचा अर्ज अडलाय."

"कागद फिरवता येत नाही, मसू. रिपोर्ट आहे तो."

हा कागद काय होता ते अव्वाने मला सांगितलं. बारा वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबाने तलावासाठी विलायतेहून लहानसं इंजिन मागवलं होतं. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं, एका माणसाला उचलता येईल असं. वर दोरीने ओढून फिरवायचं चाक, मध्ये एक सिलिंडर, खाली लांब पाय आणि पायाच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. साहेबाची बदली झाली, इंजिन कोठीत गेलं. पुढच्या हंगामात नवा साहेब आला, त्याने दोरी ओढली, तर चाक जागचं हललं नाही. आमच्या मालकांनी त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला. भोयाने निष्काळजीपणे इंजिन पाण्यात बुडवले, आत गंज चढला, सबब इंजिन निकामी. मसूची नोकरी गेली. तेव्हापासून तो मासे विकून आणि तलावाचं पाणी हटलं की गाळात खरबुजं लावून पोट भरत होता. आता तलावावर पुन्हा भोई नेमायचा होता, पोराने अर्ज केला होता, आणि खात्यातला कारकून म्हणत होता की ज्याच्या बापाने सरकारी इंजिन बुडवलं त्याच्या हातात सरकारी बोट कशी द्यायची. लिहिणारानेच दुसरं लिहून दिलं तर गोष्ट वेगळी.

एके दिवशी मसूने निराळंच विचारलं. "साहेब, गंज गंज म्हंतासा. पर त्यो बघितला कुनी?"

इंजिन कधी कुणी उघडलंच नव्हतं. गंज फक्त कागदावर होता. दुसरा कुणी असता तर शरमला असता. यांनी मसूचा प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि खाली लिहिलं, "मुद्दा विचारार्ह."

त्याच सुमारास खात्याने कोठीतलं मोडकंतोडकं सामान लिलावात काढलं. इंजिनाला कुणी गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या गावात जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे बोटीचं इंजिन घेऊन कोण काय करणार? मालकांनी घेतलं. गोणपाटात गुंडाळून टांग्यातून घरी आणलं, अंगणात दोन खांब रोवून त्याला टांगलं, चाकावर विभूतीची तीन बोटं ओढली, आणि मसूला समोर उभं करून निकाल सांगितला. "आपण हे उघडू. आत गंज निघाला तर पोराने पुन्हा अर्ज करायचा नाही. नाही निघाला, तर मी स्वतः लिहून देतो."

"व्हय साहेब," मसू म्हणाला. अकरा वर्षांत त्याला मिळालेली ही पहिली सुनावणी होती, आणि न्यायाधीश, फिर्यादी आणि साक्षीदार तिन्ही एकच माणूस होता.

इंजिनाबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. ती वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. पहिला प्रयोग असा की सिलिंडरवरचा ठिणगीचा प्लग काढायचा, त्या भोकातून आत रॉकेल सोडायचं आणि मुरू द्यायचं. आठ दिवस मुरलं. रोज संध्याकाळी मालक कोट चढवून येत, चाकाला दोरी गुंडाळत, 'हर हर' म्हणत आणि ओढत. चाक हलत नसे. नवव्या दिवशी दोरी तुटली आणि मालक मागच्या मागे पाण्याच्या घंगाळात जाऊन बसले. मी खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं. मसू हसला नाही. त्याने त्यांना हात देऊन वर काढलं आणि दुसरी दोरी वळायला बसला.

शेवटी सिलिंडरच काढायचा ठरला. पण त्याआधी मूळ रिपोर्ट मसूला वाचून दाखवायला हवा, असं मालकांचं म्हणणं पडलं. आरोप ऐकवल्याशिवाय चौकशी कशी करणार? त्यांनी मला ट्रंकेतून तो कागद आणायला सांगितलं. मसूने माळ्यावरून ट्रंक उतरवली. तिच्याही बिजागऱ्यांना तेल पाजलेलं होतं, त्यामुळे झाकण अर्ध्यावर अडकलं आणि मसूला ते दोन्ही हातांनी वर रेटून धरावं लागलं. मी आत हात घालून गठ्ठे चाळू लागलो.

हवा तो कागद सापडला. त्याला टाचणीने आणखी एक कागद जोडलेला होता, त्याच्याही सात-आठ महिने आधीचा. मी सहज वाचला.

"आज रोजी साहेबांच्या हुकुमावरून बोटीचे इंजिन कोठीत ठेविले. गंजू नये म्हणून प्लगच्या भोकातून अर्धा शेर शुद्ध करडईचे तेल स्वहस्ते ओतिले. भोई मसू यास हात लावू दिला नाही." खाली मालकांची सही.

सगळं एका क्षणात कळलं. माझ्या दाराचं जे झालं होतं, छत्रीचं जे झालं होतं, तेच इंजिनाचं झालं होतं. हे बाहेर जाऊन मोठ्याने वाचलं की मसूचं काम झालं. आणि मालकांची चार माणसांत शोभा करणाऱ्या भाडेकरूला परसातल्या दोन खोल्या कशाला मिळतात? बायकोला आणायचं कुठे? मी टाचणी काढली. दुसरा कागद ट्रंकेच्या तळाशी जुन्या पंचांगाखाली सरकवला, आणि पहिला घेऊन उठलो. मसूला वाचता येत नव्हतं, एवढाच मला धीर होता.

अंगणात मी तो आरोप खणखणीत वाचला. मसूने मान खाली घालून ऐकला. मग मालकांनी पान्याने एकेक बोल्ट सोडवला, आणि मसूने आणि मी मिळून सिलिंडर वर ओढला. बराच वेळ तो सुटेना. सुटला तेव्हा आत पिवळसर तपकिरी, चकचकीत असा जाड थर दिसला. मसूने नखाने तो खरवडला. खालचं लोखंड नव्यासारखं पांढरं होतं. गंजाचा ठिपका नव्हता.

अव्वा ओट्यावरून उतरून आली आणि वाकून बघत म्हणाली, "अय्यो, हे तर माझ्या तेलाच्या किटलीच्या बुडाला बसतंय तसलंच की ओ! काय वेगळं हाय ह्यात?"

मसूने बोट नाकाशी नेलं. "करडई हाय," तो हळूच म्हणाला.

मालक खरोखरच विसरले होते. ढोंग नव्हतं ते. हजारो रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुठला लक्षात राहणार? त्या थराकडे बघता बघता त्यांचा चेहरा उजळला. "मसू, म्हणजे हे तेल तू घातलंस!"

"साहेब," मसू म्हणाला, "तवा माझ्या घरात दिव्याला तेल नव्हतं. इंजिनाला कुटलं घालू?"

यावर मालकांनी कागद मागवला. ते सांगू लागले आणि मी लिहू लागलो. "गंज आढळला नाही. तथापि एक चिकट द्रव्य आढळले. सदर द्रव्य भोयाने अज्ञानाने घातले असावे." हे माझ्याच हाताने मी लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं. तेलाच्या किटलीचा मालक समोर बसलेला, खरा कागद ट्रंकेत मीच दडवलेला, आणि मी 'असावे' या शब्दाला सुबक मात्रा देत होतो. मनात मात्र म्हणत होतो, काय हा नीच माणूस.

तेवढ्यात मालक थांबले. "इंजिन ठेवलं त्या दिवशीचा रिपोर्ट असणारच. मी खिळासुद्धा रिपोर्टाशिवाय ठेवला नाही. मसूने काय केलं ते त्यात सापडेल." मी म्हटलं, मी बघतो. "तुम्ही बसा, मास्तर, तुम्हाला सापडायचा नाही," म्हणून ते स्वतः आत गेले. ट्रंकेचं झाकण करकरल्याचा आवाज आला. नंतर कागद चाळल्याचा. अव्वाने चुलीवर हंड्यात पाणी चढवलं होतं आणि त्यात धुण्याच्या सोड्याची ओंजळ टाकत ती आपल्याशीच म्हणत होती, "रॉकेलनं कवा निघतंय हे? सोड्याच्या कडत पाण्यात टाकायचं. एवढं पन कळंना ह्यांना."

मालक बाहेर आले. अंगभर धूळ, हातात कागद. ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी तो पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली, तारखेसकट, नेहमीच्या रिपोर्टी सुरात. 'स्वहस्ते ओतिले' इथे सूर जरासा अडखळला, पण ते थांबले नाहीत. "भोई मसू यास हात लावू दिला नाही," हेही वाचलं. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन सही तपासली.

तो कागद तिथल्या तिथे चुलीत टाकला असता तर त्यांना कोण विचारणार होतं? अव्वाला वाचता येत नव्हतं, मसूला येत नव्हतं. आणि मला येत होतं, त्याचा उपयोग काय झाला तो आपण पाहिलाच.

"सही माझी आहे," मालक म्हणाले. "कागद खरा आहे. मास्तर, ते लिहिलेलं फाडा."

मी फाडलं. त्यांनी दुसरं सांगितलं. गंज नव्हता. तेल निम्नसहीकाराने घातले होते. निम्नसहीकाराचा अकरा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट चुकीचा होता. भोयाकडे कोणताही दोष नाही. दोन नकला काढल्या, एकीवर 'पोचली' म्हणून मसूचा अंगठा घेतला. तोंडाने मसूला एक शब्द बोलले नाहीत. अकरा वर्षं माणूस देशोधडीला लावून वर त्याच्याकडून पोच घेणारा असा प्राणी मी दुसरा पाहिला नाही. मसू अंगठ्याची शाई मुंडाशाला पुसत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पण हा कागद पंचांगाखाली कसा गेला?" मालक टाचणीची भोकं निरखत म्हणाले. "दोघांना टाचणी एकच होती." मग त्यांनी स्वतःच वहीत नोंद केली, "ट्रंकेत उंदीर झाले आहेत," आणि विषय मिटला.

अव्वाच्या सोड्याने दोन दिवसांत तो थर सुटला. इंजिन जुळवलं, नवा प्लग लावला, परसातल्या हौदात त्याचा पाय बुडवून दोरी ओढली, आणि सातव्या ओढीला ते असं फटफटलं की शेजारची शेरडं दावं तोडून पळाली. सगळी पेठ बघायला लोटली. फाल्गुनात मसूच्या पोराची नेमणूक झाली.

चैत्रात मालकांनी तलावावर चाचणी ठरवली. हिप्परग्याच्या त्या तलावाचं पाणी तेव्हा बरंच आटलेलं होतं, पण बोट तरंगण्याइतकं होतं. बोट पोराच्या ताब्यात, मागे मसू, मध्ये कोट घालून मालक, आणि नोंदी घ्यायला मी. पुस्तिकेत पेट्रोलमध्ये इंजिनाचं तेल मिसळायला सांगितलं होतं. मालकांनी पिशवीतून किटली काढली तेव्हा मला आधी खरंच वाटेना. इतकं रामायण झाल्यावरही या गृहस्थांनी करडईचंच तेल आणलं होतं! ताजं असलं की काही होत नाही, मागचं जुनं होतं, असा त्यांचा नवा सिद्धांत. इंजिन सुरू झालं. तलावभर भजी तळल्याचा वास सुटला. मालक ताठ बसून दोन्ही काठांकडे बघत होते, आणि बरोबर मध्यावर पोचल्यावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं.

"मास्तर, नोंद घ्या," मालक म्हणाले. "पेट्रोल भेसळीचं."

मसूच्या पोराने मुकाट्याने वल्ही उचलली.

काठाला लागल्यावर मालक टांग्याकडे गेले. मी आणि मसू मागे राहिलो. गाळातल्या वेलाची दोन खरबुजं त्याने आधीच तोडून ठेवली होती. एक अव्वासाठी, एक माझ्यासाठी. मालक लांब गेल्यावर मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. "काय वल्ली आहे रे तुझा साहेब! एवढं होऊन पुन्हा करडई!"

मसू हसला नाही. खरबूज माझ्या हातात देत तो म्हणाला, "मास्तर, ट्रंकेचं झाकन मीच धरलं व्हतं की. दोन कागद वर आलं. एक तुमी खाली घातला." मग म्हणाला, "साहेबानं त्योच हुडकून काढला. येडा हाय, पर त्येनं काढला." त्याच्या आवाजात राग नव्हता. "खावा. गोड निघंल."

टांग्यातून मालक हाका मारत होते. मी खरबूज हातात धरून तिथेच उभा होतो.

परसातल्या दोन खोल्या मला मिळाल्या. त्यात आम्ही नऊ वर्षं संसार केला, दारांना खांदे लावून. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मित्रांनी हट्ट धरला, मास्तर, तुमच्या साहेबांची नवी नक्कल होऊ द्या. मी पेन्सिल कानावर खोचली, आणि पुन्हा काढून खिशात ठेवली.